सक्तीचा आरोग्यविमा आणि कराची वसुली

विमा म्हटला कीं आपल्या मनांत येतो तो राजीखुशीचा करार. हप्ता भरावा, न भरावा. ज्याची त्याची मर्जी. परंतु आपल्या देशांत एक आरोग्यविमा असा आहे कीं, त्याची वर्गणी थकल्यास अधिकारी जप्तीचा हुकूम घेऊन मालकाच्या दारीं उभा राहूं शकतो. तो म्हणजे कामगारांचा राज्य विमा. कायदा १९४८ सालचा. प्रत्यक्ष योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें सुरू झाली. नोव्हेंबर २०२५ मध्यें त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनें घेतली. सांगाडा मात्र बव्हंशीं तोच राहिला.

वर्गणीचा दर १ जुलै २०१९ पासून कामगाराच्या वेतनांतून शेंकडा पाऊण आणि मालकाच्या पदरचे शेंकडा सव्वातीन असा ठरला. वेतन १२,००० रुपये असेल तर कामगाराचे ९० व मालकाचे ३९०, मिळून ४८० रुपये.

मालकानें ते भरलेच नाहींत तर? प्रारंभीं ही थकबाकी जमीनमहसुलाप्रमाणें वसूल होई. तो तगादा कसा असतो हें आमच्या खानदेशांतील शेतकऱ्यास सांगावयास नको! १९८९ च्या दुरुस्तीनें विमा महामंडळास स्वतःचे वसुली अधिकारी मिळाले आणि आयकर कायद्याच्या दुसऱ्या व तिसऱ्या परिशिष्टांतील हत्यारें त्यांच्या हातीं आलीं. जंगम मालाची जप्ती, स्थावराचा लिलाव, मालकास अटक, मिळकतीवर व्यवस्थापक नेमणें. फार काय, मालकाच्या बँकेसही ‘त्याचे पैसे आमच्याकडे भरा’ असें फर्माविण्याची सोय.

आयकराचा दुसरा पाश अधिक सूक्ष्म. १९६१ च्या आयकर कायद्यानें कामगाराकडून कापलेली रक्कम मालकाचें उत्पन्न धरली. वेळेवर भरली तरच ती वजा मिळे. मुदत टळल्यास वजावट गेली, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें १२ ऑक्टोबर २०२२ रोजीं दिला. कापलेला पैसा मालकाचा नव्हेच, ती त्याच्या हातीं सोंपविलेली ठेव आहे, हें यामागील तत्त्व मला फार योग्य वाटतें.

माझा एक जुना विद्यार्थी नंदुरबारांतच नोकरीस होता. वेतनपत्रकावर कपात दिसे. विमा क्रमांक विचारला कीं उत्तर ‘उद्यां, परवां’. पत्नीच्या बाळंतपणास त्यानें घरचें सोनें गहाण टाकलें. तो खर्च ज्या विम्यांतून भागावयाचा, त्याचे पैसे आपण दरमहा देत होतों, हें त्याला मागाहून उमगलें. आपल्या घरांतील कोणाच्या वेतनांतून अशी कपात होत असल्यास आजच विमा क्रमांक मागून घ्यावा. ज्यांचें दुकान वा कारखाना आहे त्यांनींही माणसें मोजावींत; दहाचा आंकडा येथें महत्त्वाचा आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकते. हंगामी कारखाने या सक्तीबाहेर आहेत. आणि १९४८ च्या कायद्यानें त्यांची व्याख्या करतांना कापसाचें जिनिंग व प्रेसिंग, शेंगा फोडणें, साखर व गूळ करणें हीं कामें नांवानिशीं घातलीं. कापूस व ऊंस पिकविणाऱ्या आमच्या शहादा-तळोदा भागांत पुष्कळांची रोजी याच कामांवर. त्यांच्यासाठीं वसुली अधिकारी येणार नाहीं. कारण वसूल करावयाचें देणेंच कायद्यानें उत्पन्न केलेलें नाहीं.