दोन्ही रकाने पाहून घ्यावयाचा निर्णय
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासकांच्या भाषणाचा मजकूर)



संस्थेचा जमाखर्च आपल्या हाती आहेच. आज आम्ही एका वेगळ्या ताळेबंदाविषयी बोलू इच्छितो. आम्ही वैद्यकीय तज्ज्ञ नव्हे, परंतु औषधांच्या खिडकीशी वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न आमच्यापर्यंत पोहोचतो : "रक्त पातळ करणारी गोळी बंद केली तर चालेल का?"

हा प्रश्न बहुधा एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांचा असतो. या विकारात हृदयाचे वरचे कप्पे लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. तेथे रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो. हा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. वॉरफरिन योग्य प्रमाणात घेतल्यास तो जवळपास दोन-तृतीयांशाने घटतो.

दुसऱ्या रकान्यात रक्तस्रावाचा धोका आहे. हिरडीतून आलेले रक्त सर्वांना दिसते; टळलेला अर्धांगवायू कोणालाच दिसत नाही. म्हणून गोळीची भीती वाटते, गोळी सोडण्याची वाटत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची दुर्बलता, पूर्वीचा झटका हे सारे मांडून डॉक्टर दोन्ही बाजू तोलतात. धोका अगदी कमी असल्यास गोळी लागतही नाही. परंतु हा निर्णय घरच्या घरी घेऊ नये.

या विषयाशी पिंपरीचे जुने नाते आहे. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना स्थापन झाला. त्याच वर्षी अमेरिकेत वॉरफरिनला मानवी उपचारासाठी मान्यता मिळाली. त्यापूर्वी ते उंदीर मारण्यासाठी वापरत. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर येणारा ऱ्हुमॅटिक ताप पेनिसिलिनने टाळता येतो. तो टळला नाही तर हृदयाची झडप अरुंद होऊ शकते आणि तरुण वयातच ठोक्यांची लय बिघडू शकते.

अशा रुग्णांसाठी जुनी गोळीच उपयुक्त ठरली आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत २४ देशांतील सुमारे ४,५०० रुग्ण होते. तीत रिव्हारोक्सॅबान या नव्या गोळीपेक्षा वॉरफरिनच्या गटातील औषधांवर मृत्यू कमी आढळले. झडपेचा असा दोष नसलेल्या अनेकांना मात्र नव्या गोळ्या सोयीच्या ठरतात; त्यांना मूत्रपिंडाची तपासणी लागते, पण वरचेवर आयएनआर लागत नाही.

वॉरफरिनवर आयएनआर सामान्यतः २ ते ३ च्या दरम्यान राहावा लागतो. पालक-मेथी सोडू नये, परंतु प्रमाण एकसारखे ठेवावे. अंगदुखीची गोळी परस्पर घेऊ नये. गर्भधारणेचा विचार असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण वॉरफरिन गर्भाला अपायकारक ठरू शकते.

भोसरी किंवा चाकणच्या कंत्राटी कामगाराला या तपासणीसाठी खाडा करावा लागतो, रोजंदारी बुडते. तपासणी चुकते आणि गोळीही सुटते. म्हणून देणगीदारांना आमची नम्र विनंती : शस्त्रक्रियेस आपण सढळ हाताने साहाय्य करता, तसेच या साध्या रक्ततपासणीसही करावे. कामाच्या पाळीनंतर होणारी, परवडणारी तपासणी एखाद्या घरातील कमावता हात शाबूत ठेवू शकते.