दिव्यांपुढचा अर्धा तास



हनुक्काची सुटी शाळांना असते. कचेऱ्या व कारखाने चालूच राहतात. त्यामुळे या आठवड्यात नातवंडे आजी-आजोबांच्या स्वाधीन होतात. आजी मराठीत विचारते, नातू हिब्रूत उत्तर देतो, आणि थोड्याच वेळात दोघेही गप्प होतात.

कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणत. तेल गाळणे हा त्यांचा धंदा. परंतु शब्बाथला घाणा थांबे, आणि त्या थांबलेल्या घाण्यावरूनच लोकांनी त्यांना ओळखले.

हनुक्काचे दिवेही आपल्याला थांबावयास सांगतात. त्यांच्या उजेडात काम करू नये, ते केवळ पाहावेत, आणि ते किमान अर्धा तास तेवावेत, असा दंडक आहे. ८ रात्रींचे मिळून ४ तास होतात. तेवढा वेळ आईबापांनी फोन दूर ठेवावा. पेणकर, रोहेकर, नवगावकर या आडनावांत कोणते गाव दडले आहे, ते आजी-आजोबांनी मुलांना मराठीत सांगावे. एखादा शब्द मुलांना कळला नाही, तर त्याचा अर्थ हिब्रूत सांगण्यास संकोच करू नये. मात्र पुढचे वाक्य पुन्हा मराठीतच असावे.