संकोचाचे दुखणे



पत्रिकेवर आजचा विषय ‘स्त्रियांचे एक दुखणे’ एवढाच छापला आहे. छापणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही; पण दुखण्याचे नाव घेतल्यावाचून त्याविषयी बोलता येत नाही. योनीच्या बाहेरील भागाला येणारी खाज, आग आणि सूज, हा आमचा विषय.

हे दुखणे किती घरांत असते? आपल्याच विदर्भात, गडचिरोलीकडील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली व १९८९ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. शेकडा ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र शेकडा ८ च. उरलेल्या सोशीत होत्या.

आता कारणे पाहू. खाज आली की जंतू झाले असे आपण धरून चालतो. पण कित्येकदा कारण मोरीतच असते: सुवासिक साबण, जंतुनाशक द्रव, कपड्यांत राहिलेली धुण्याची पूड. ही कातडी नाजूक. ‘स्वच्छता’ जितकी वाढवावी तितकी ती चिडते. वर्ध्याच्या वैशाखात घामाने ओले लुगडे दिवसभर अंगाशी घासते, तेही एक कारण. आणि पाळीचे कापड! सगळ्यांची धुणी उन्हात वाळतात, हेच एक दाराआड अंधारात दमट राहते. ज्या जिल्ह्यात ऊन एवढे मुबलक, तेथे ही कंजुषी कशासाठी?

दह्यासारखे घट्ट पांढरे जात असेल आणि खाज अनावर असेल, तर बहुधा बुरशी. गरोदरपणी, मधुमेहात किंवा जंतुनाशक गोळ्यांनंतर ती बळावते; वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासावी. फेसाळ, दुर्गंधी स्राव असेल तर पतीलाही औषध लागू शकते, आणि पतिराज तेथे नेमके कामात असतात. पाळी गेल्यावर कातडी पातळ व कोरडी होऊन आग होते. तेथे बुरशीचे मलम काय करणार?

घरी करावयाचे थोडेच आहे. बाहेरून साध्या पाण्याने धुवावे, आत पाणी मारू नये. टिपून कोरडे करावे. सैल सुती कपडा वापरावा. आग फार असल्यास कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटे बसावे. औषधांच्या दुकानातून मिळणारी मिश्र मलमे मात्र नकोत. त्यांत बहुधा स्टेरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते, मग बुरशी फोफावते व कातडी पातळ होते.

सूज एकाच बाजूला, गोटीसारखी, दुखरी असेल व चालवत नसेल, तर तेथील ग्रंथीत पू झालेला असू शकतो. तो घरी दाबून काढू नये. ताप, फोड, लघवी अडणे यांतही वाट पाहू नये. आणि उतारवयात महिनोन्‌महिने खाज, पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असेल तर तुकडा काढून तपासावाच लागतो. क्वचित तेथे कर्करोग निघतो, व लवकर सापडल्यास तो बरा होऊ शकतो.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात स्त्रीरोगाचा विभाग आहे. तपासताना स्त्री परिचारिका जवळ असावी, असे स्पष्ट सांगावे. तो रुग्णाचा हक्क आहे. चिठ्ठीवर ‘पोटदुखी’ लिहवून घेऊ नये. डॉक्टर मग पोटच तपासतात.