भाताचं एक अक्षर

पाऊस लागला की कर्जत-खालापूर पट्ट्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो: लावणीला माणसं मिळाली का? खोपोलीचे कारखाने, बांधकामं, मुंबईची लोकल, अशी पोट भरण्याची इतर ठिकाणं वाढली आणि चिखलात वाकून रोपं लावणारे हात कमी झाले. याला एक उत्तर कर्जत तालुक्यातच निघालं. नेरळजवळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा राईस तंत्र’ विकसित केलं. कायमचे गादीवाफे करायचे आणि त्यांवर बी टोकायचं. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. मजुरी वाचते, जमिनीचा कसही सुधारतो. पण तण मात्र मोकाट सुटतं.

चिखलणी आणि साचलेलं पाणी हेच भातशेतीतलं जुनं तणनियंत्रण. ते काढून घेतलं की तणनाशकावर भिस्त येते. मग औषधाने तण मरावं आणि भात मात्र तगावा, हे कसं साधायचं? या प्रश्नाचं एक नवं उत्तर ‘डीॲमिनेज’ नावाच्या विकरांमध्ये, म्हणजे एन्झाइममध्ये आहे.

रेणूवरचा नायट्रोजनयुक्त ‘अमाइन’ गट काढून टाकणं, एवढंच या विकरांचं काम. आपल्या प्रत्येक पेशीत ते चालू असतं. डीएनए आणि आरएनए ज्या घटकांनी बांधलेले असतात, ते न्यूक्लिओटाइड पेशी मोडते, बदलते आणि पुन्हा वापरते. ॲडेनोसिनचं इनोसिन आणि सायटिडिनचं युरिडिन होतं, ते डीॲमिनेजमुळे. यातल्या ॲडेनोसिन डीॲमिनेजचं नाव अनेकांनी नकळत वाचलेलं असतं. छातीत पाणी झालेल्या रुग्णाला डॉक्टर त्या पाण्याची ‘एडीए’ तपासणी सांगतात, तो हाच विकर. क्षयामुळे पाणी झालं असेल तर त्याचं प्रमाण बहुधा वाढलेलं सापडतं. उलट, ज्या बाळात हा विकर जन्मतःच नसतो, त्याच्या रक्तातल्या लढवय्या पेशी मरतात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो.

डीएनएची लिपी ए, टी, सी, जी या 4 अक्षरांची. यातल्या ‘सी’चा अमाइन गट निघाला की त्याचा ‘यू’ होतो. हे कधी कधी आपोआपही घडतं. माणसाच्या एकेका पेशीत रोज शंभराच्या घरात, असा अंदाज आहे. ‘यू’ हे डीएनएचं अक्षर नव्हे, म्हणून पेशीचे दुरुस्ती करणारे विकर ते ओळखून काढून टाकतात. टॉमस लिंडाल यांनी 1974 मध्ये असा विकर शोधला. डीएनए दुरुस्तीवरच्या संशोधनासाठी 2015 च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. दुरुस्तीआधीच डीएनएची नक्कल झाली, तर मात्र ‘सी’च्या जागी ‘टी’ येतो आणि चूक कायम होते.

हीच चूक हव्या त्या जागी मुद्दाम करता येईल का? 2016 मध्ये अमेरिकेत डेव्हिड लिऊ यांच्या गटाने आणि जपानमध्ये कोबे विद्यापीठाच्या संशोधकांनी ते करून दाखवलं. क्रिस्पर तंत्रातली कात्री बोथट करून तिला डीॲमिनेज जोडला. कात्रीने फक्त जागा शोधायची आणि विकराने अक्षर बदलायचं. जपानी गटाने वापरलेला विकर लॅम्प्रे नावाच्या, जबडा नसलेल्या माशासारख्या प्राण्याचा होता. त्याच तंत्राने 2017 मध्ये भाताच्या एएलएस जनुकातलं एक अक्षर बदललं आणि ते रोप इमाझामॉक्स हे तणनाशक सहन करू लागलं.

आपल्याकडे अशीच सहनशक्ती असलेल्या पुसा बासमती 1979 आणि 1985 या जाती 2021 मध्ये आल्या, पण त्या उत्परिवर्तन आणि संकराच्या जुन्या वाटेने. मे 2025 मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेले ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राईस 1’ हे जनुकसंपादित भात नेहमीच्या क्रिस्पर कात्रीने घडवलेले आहेत. त्यांत तणनाशक सोसण्याचा गुण नाही.

कर्जतला या तंत्राचा फायदा कुठे? इथलं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र म्हणजे कर्जत-3, कर्जत-184 या जातींचं आणि ‘सह्याद्री’ या संकरित भाताचं माहेर. अशा जातीत संकराने एक गुण आणायचा तर नको असलेले गुणही सोबत येतात आणि ते निवडून काढण्यात वर्षं जातात. एकच अक्षर बदललं तर दाणा, चव, तयार होण्याचा काळ बहुतांशी तसाच राहू शकतो.

पण एका गोष्टीचं भान हवं. जे अक्षर आपण प्रयोगशाळेत बदलतो, ते तणातही आपोआप बदलू शकतं. एएलएसवर काम करणारं तणनाशक दरवर्षी मारलं, की असा बदल झालेलं एखादं तण तेवढं जगतं आणि त्याचंच बी शेतभर होतं. जगात अनेक ठिकाणी हे घडलेलं आहे. शिवाय देवभात, म्हणजे रानटी भात, लागवडीच्या भाताशी संकर करतो. बांधावरच्या देवभातात हा गुण गेला तर तो त्या औषधाला दाद देणार नाही.

तेव्हा तणनाशक सोसणारं कोणतंही भाताचं बी उद्या बाजारात आलं, तर घेण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. ते कोणतं तणनाशक सोसतं? पुढच्या वर्षी वेगळ्या गटाचं औषध वापरता येईल का? बी घरचं ठेवता येईल का? आणि शेताजवळ देवभात असेल तर तो फुलोऱ्याआधी उपटायला माणसं आहेत का? लावणीची मजुरी वाचली, तरी या शेवटच्या कामाला थोडी माणसं लागतीलच.