साठीनंतरची कवायत

मी इंदूरहून बोलतोय. बत्तीस वर्षं सैन्यात होतो, सिग्नल्समध्ये. महूला तीनदा पोस्टिंग झालं आणि आईही इंदूरलाच, त्यामुळे निवृत्तीनंतर इथेच स्थिरावलो. मी डॉक्टर नाही, साधा बी.एस्सी. आहे. मेंदूच्या व्यायामावर बोलायला मला बोलावलंय, पण सुरुवात मी माझ्या एका चुकीपासून करणार आहे.

मी निवृत्त होऊन घरी आलो तेव्हा आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. बाबा गेल्यापासून सगळा कारभार तीच बघायची. फॅमिली पेन्शन, विजेचं बिल, दूधवाल्याचा हिशेब, गोळ्या-औषधं. बसने एकटी राजवाड्यापर्यंत जाऊन यायची. मी आलो आणि फौजी पद्धतीने चार्ज घेतला. "आई, खूप केलंस, आता आराम कर." पासबुक माझ्या कपाटात गेलं. भाजी मी आणू लागलो, गोळ्यांची डबी मी भरू लागलो. लोक म्हणायचे, मुलगा असावा तर असा. मलाही ते खरं वाटायचं.

दोनेक वर्षांनी मी आठवडाभर बाहेरगावी गेलो. परत आलो तर कळलं, आईने चार दिवस रक्तदाबाची गोळी घेतलीच नव्हती. का? तर डबी रिकामी होती आणि ती भरणं हे 'माझं' काम होतं. त्याच महिन्यात बँकेत पैसे काढायची स्लिप तिच्यापुढे ठेवली, तर तिचा हात थांबला. कुठे काय लिहायचं ते सुचेना. मी घाबरलो, डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नीट तपासलं आणि म्हणाले, आजार काही दिसत नाही, सवय सुटलीय. घरी येताना रिक्षात आई म्हणाली, "तू मला रिटायर केलंस रे. आणि पेन्शनही तुझ्याच हातात."

त्यानंतर मी या विषयावर वाचायला लागलो. वैद्यकशास्त्रात या रोजच्या कामांची एक यादी आहे. १९६९ साली लॉटन आणि ब्रोडी या दोन अमेरिकन संशोधकांनी ती केली. फोन वापरणं, खरेदी, स्वयंपाक, घरची आवराआवर, कपडे धुणं, प्रवास, औषधं घेणं आणि पैशांचा व्यवहार, अशी आठ कामं. माणूस एकटा राहू शकेल की नाही, हे ठरवताना डॉक्टर आजही ही यादी वापरतात. गंमत म्हणजे सुरुवातीला पुरुषांचे गुण मोजताना स्वयंपाक, आवराआवर आणि कपडे ही तीन कामं सोडून द्यायचे. म्हणजे आपल्याला पन्नास वर्षांपूर्वीच सूट मिळाली होती! पण बायको चार दिवस माहेरी गेली की ही सूट काय कामाची ते कळतं.

आता मुख्य प्रश्न. वय झालं, तब्येत ठीक आहे, तर डोक्याचा सराव करून ही कामं पुढेही आपल्या हातात ठेवता येतात का? यावरचा सगळ्यात नावाजलेला प्रयोग अमेरिकेत झाला. नाव 'अ‍ॅक्टिव्ह'. १९९८ पासून सहा ठिकाणी सुमारे २,८०० माणसं घेतली. सगळी ६५ च्या पुढची, काही नव्वदीतलीसुद्धा, आणि सगळी स्वतःचं स्वतः करणारी. त्यांचे चार गट केले. एकाला स्मरणाच्या युक्त्या शिकवल्या, म्हणजे वाण्याची यादी, वाचलेल्या मजकुरातला मुद्दा, असं लक्षात कसं ठेवायचं. दुसऱ्याला तर्क शिकवला. अक्षरांच्या किंवा आकड्यांच्या रांगेतला नियम ओळखायचा, म्हणजे औषधांच्या वेळा किंवा गाड्यांचं वेळापत्रक समजायला तीच रीत लागते. तिसऱ्याला वेग. संगणकाच्या पडद्यावर मध्यभागी एक वाहन क्षणभर चमकतं, त्याच वेळी कडेला दुसरं दिसतं, दोन्ही टिपायची. जमलं की चमकण्याचा वेळ आणखी कमी. चौथ्या गटाला काहीच नाही. शिकवणी फक्त दहा तासिकांची, पाच-सहा आठवड्यांत संपली. काहींना पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास उजळणी दिली.

लगेचचा निकाल काय? वेगाच्या गटातल्या ८७ टक्के लोकांची त्या कामात सुधारणा झाली, तर्काच्या गटातल्या ७४ टक्क्यांची, स्मरणाच्या गटात फक्त २६ टक्क्यांची. पण ज्याने जे शिकलं, तेवढंच सुधारलं. वेगवाल्यांची स्मरणशक्ती वाढली नाही, स्मरणवाल्यांचा वेग वाढला नाही.

फौजी माणसाला यात नवल वाटणार नाही. आमच्याकडे 'किम्स गेम' नावाचा सराव असतो. किपलिंगच्या 'किम' कादंबरीत सिमल्याच्या एका दुकानात मुलाला रत्नं दाखवून झाकतात आणि काय काय होतं ते विचारतात, त्यावरून हे नाव आलं. ट्रेमध्ये वीस-पंचवीस वस्तू, मिनिटभर बघा, कापड टाकलं की आठवून लिहा. माझ्या युनिटमध्ये एक नायक होता, पंचवीसपैकी पंचवीस लिहायचा. पण आपल्या सुटीचा अर्ज कुठे ठेवलाय हे त्याला कधी आठवलं नाही. रेंजवर गोळीबार केला की गोळीबार सुधारतो. नकाशा वाचणं सुधारायचं तर नकाशाच हातात घ्यावा लागतो.

म्हणून 'रोज पंधरा मिनिटं खेळा आणि मेंदू तरुण ठेवा' अशा जाहिरातींपासून जरा सांभाळून. २०१६ मध्ये अशाच एका प्रसिद्ध अ‍ॅपच्या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून वीस लाख डॉलर भरावे लागले, कारण दावे मोठे होते आणि पुरावा तेवढा नव्हता. सुडोकू आवडत असेल तर जरूर सोडवा. मीही सोडवतो. पण सुडोकूने सुडोकू येतो.

मग त्या प्रयोगाचा रोजच्या जगण्यात उपयोग झाला की नाही? पहिल्या दोन वर्षांत फरक दिसला नाही, आणि ते साहजिक होतं. सगळी धडधाकट माणसं, कुणाचंच काही बिघडलं नव्हतं, मग फरक कुठून दिसणार? पाचव्या वर्षी तर्कवाल्यांनी सांगितलं की रोजच्या कामात अडचण कमी येते. दहाव्या वर्षी, सरासरी वय ८२ झालं असताना, शिकलेल्या तिन्ही गटांत सुमारे ६० टक्के लोक म्हणाले की आमची कामं पहिल्याइतकीच किंवा अधिक चांगली जमतात. न शिकलेल्यांत हे प्रमाण ५० टक्के होतं. वेग आणि तर्क शिकलेल्या चालकांच्या हातून, स्वतःच्या चुकीने होणारे अपघातही पुढच्या काही वर्षांत जवळपास निम्मे झाले. इंदूरच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ते ६० आणि ५० टक्के लोकांच्या स्वतःच्या सांगण्यावरून आहेत. समोर बसवून कामं करून घेतली तेव्हा गटागटांत ठळक फरक आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ च्या मार्गदर्शनात अशा सरावाबद्दल 'देता येईल' एवढंच म्हटलंय, आणि चालण्याफिरण्याच्या व्यायामाला अधिक ठाम पाठिंबा दिलाय. त्यामुळे चालणं सोडू नका, रक्तदाब सांभाळा, ऐकू कमी येत असेल तर लाज न बाळगता कानाचं यंत्र लावा. हे सगळं या मालिकेत आधीच्या वक्त्यांनी सांगितलंय, मी पुन्हा सांगत नाही.

मी यातून घेतलं ते एवढंच, की जे काम हातात राहावं असं वाटतं, त्याच कामाचा सराव करायचा, तब्येत ठीक असतानाच करायचा आणि मधूनमधून रिफ्रेशर घ्यायचा.

आईला पासबुक परत दिलं. पहिले तीन महिने कठीण गेले, तिला नव्हे, मला. ती स्लिप भरायला वीस मिनिटं लावायची. मागे रांग, आणि माझा हात सारखा पेनाकडे जायचा. खिशात हात घालून उभं राहायला मी तेव्हा शिकलो. गोळ्यांची डबी रविवारी ती भरते, मी फक्त बघतो. चूक दिसली तर "आई, मंगळवार बघ" एवढंच. राजवाड्याला एकटी जाणं मात्र परत जमलं नाही. गुडघे आडवे आले, आणि ती दोन वर्षंही मध्ये गेलीच.

दुसरी गोष्ट माझ्या कोर्समेटची. तो अचानक गेला. वहिनींनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. पण एटीएमचं कार्ड त्यांनी कधी वापरलं नव्हतं, पेन्शनचं सगळं ऑनलाइन झालंय त्याचा पासवर्डही ठाऊक नव्हता. दिवसकार्य संपायच्या आत त्या माझ्यासमोर फाईल घेऊन बसल्या होत्या आणि हात थरथरत होते. हुशारीचा यात काय संबंध? आयुष्यभर कामं वाटून घेतली, आणि त्यांच्या वाट्याचं अर्धं जगणं कुणी त्यांना शिकवलंच नाही. आपल्यापैकी जे हैदराबादला, बडोद्याला किंवा चेन्नईला राहतात त्यांच्या घरी तर आणखी एक पेच असतो. बिलावरची लिपी दोघांपैकी एकालाच वाचता येते.

त्यानंतर आमच्या घरी बुधवार ठरला. बुधवारी कामांची अदलाबदल. पैसे पाठवणं, बिल भरणं, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला मोबाईलवरून देणं, हे ती करते. ओटीपी विचारत घाई करणारा फोन आला तर काय करायचं, याची आम्ही चक्क रंगीत तालीम केली. मी चोर झालो होतो. तिने दुसऱ्या वाक्याला फोन कापला. मी स्वयंपाक, वॉशिंग मशीन आणि वाण्याची यादी बघतो. यादी घरी करायची, दुकानात चिठ्ठी खिशातच ठेवायची, आधी आठवून सांगायचं, मग चिठ्ठी काढून ताडून बघायचं. पहिल्या बुधवारी बारापैकी सात आठवल्या. हल्ली दहा होतात. हिंग मात्र दर वेळी राहतो.

परवाच्या बुधवारी गॅस संपला. मी मोबाईल घेऊन उभा, बुकिंगचा नंबर आठवेना. स्वयंपाकघरातून पत्नी म्हणाली, "अहो, मी सांगणार नाही हां." नव्वदीची आई खाटेवर बसून बघत होती. अकरा मिनिटं लागली. आईने घड्याळ लावून मोजली होती.