घार की ड्रोन?
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कोलकात्याच्या एस्प्लनेडवर एका बाजूस टाऊन हॉल आहे, दुसऱ्या बाजूस विस्तीर्ण मैदान आणि त्यापलीकडे फोर्ट विल्यम. त्या किल्ल्याचे नाव आता ‘विजय दुर्ग’ झाले आहे. ज्या नगरीने १७४२ मध्ये मराठ्यांच्या धास्तीने खंदक खणावयास घेतला, तिच्या किल्ल्याला आज आपल्या सिंधुदुर्गातील सागरी दुर्गाचे नाव लाभावे, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा!

मे २०२५ मध्ये एका रात्री याच परिसरावर आठ-दहा ड्रोनसदृश वस्तू दिसल्याच्या बातम्या आल्या. ‘सदृश’ हा शब्द महत्त्वाचा. जम्मूच्या हवाई तळावर २७ जून २०२१ रोजी ड्रोनने स्फोटके टाकली, तेव्हापासून अशा शब्दाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

रडारला लहान ड्रोन दिसणे अवघड का? परावर्तन शंभरपटीने घटले की वस्तू दिसण्याचे अंतर सुमारे एकतृतीयांशावर येते. माणसाएवढे लक्ष्य बारा किलोमीटरवर टिपणाऱ्या रडारला छोटे ड्रोन चार किलोमीटरच्या आतच दिसते. तेवढेच परावर्तन पक्ष्याचेही असते. भेद करतात ती फिरणारी पाती. त्यांच्या गतीने परतणाऱ्या लहरींच्या वारंवारतेत बारीक थरथर उमटते. पंखांची फडफड निराळी उमटते. परंतु उंच इमारतींआडचे रडारला दिसत नाही. म्हणून नियंत्रकाचे रेडिओ संदेश ऐकणारी यंत्रेही जोडतात. मात्र आधीच मार्ग ठरवून सोडलेले ड्रोन मौनच पाळते. पात्यांचा गुणगुणाट टिपणारे ध्वनिग्राहक शांत माळावर उपयोगी, एस्प्लनेडच्या भोंग्यांत ते बहिरेच.

ओळखले तरी पुढचा प्रश्न उरतो. गर्दीवर असताना त्याचा संपर्क तोडला, तर ते कोठे कोसळेल? येथे चुकीच्या ओळखीची किंमत खालच्या माणसाला मोजावी लागते. विश्वकर्मा पूजेला या शहराचे आकाश पतंगांनी भरते, हेही ध्यानी घ्यावे.

याच टाऊन हॉलमध्ये १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य लहरी पाठवून दूरची घंटा वाजविली, बारूद पेटविली. मिलिमीटर लांबीच्या लहरींवरील त्यांचे काम रडारच्या कितीतरी आधीचे. आपल्या पाठ्यपुस्तकांत ते दोन ओळींत उरकले जाते, याची मला खंत आहे.

पालकहो, वाढदिवसाला ड्रोन देताना एवढे पाहा : २०२१ च्या नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ ड्रोनला वैमानिक परवाना लागत नाही, पण लाल क्षेत्रात तेही केंद्र शासनाच्या अनुमतीविना उडविता येत नाही.

हे सारे वर्गात सांगितल्यावर पाचवीतील एकाने विचारले, “बाई, घार पंख न हलवता तरंगते. पाती थांबवून तरंगणारे ड्रोन आले तर?” मी म्हटले, “मग कॅमेऱ्याने पाहावे. रात्री उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने.” तो क्षणभर थांबून म्हणाला, “पण बाई, घारही उष्णच असते ना!”