एका चौकोनांतील पाऊस

आंबेगांव तालुक्यांतील अवसरी बुद्रुकच्या शेतकऱ्याला पश्चिमेस भीमाशंकराकडे ढग दाटलेले दिसतात. पण त्याच्या बांधापर्यंत सरी थोड्याच पोहोंचतात. अंतर सरळ रेषेंत पन्नास किलोमीटरांच्या आंतलें. परंतु सह्याद्रि ढग रिते करून सोडतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें पृथ्वीच्या हवामानाची जी गणिती प्रतिकृति सिद्ध केली, तिची गणितें जागतिक हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालासाठीं गेलीं. ही खरोखर मोठी गोष्ट! पण तींत वातावरणाचा एकेक चौकोन सुमारें २०० किलोमीटरांचा. म्हणजे भीमाशंकर व अवसरी बहुधा एकाच चौकोनांत, आणि दोघांना पाऊस एकच.

पीएच.डी.चा विद्यार्थी आपलें संशोधन मांडूं लागला, कीं त्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: चौकोनाच्या आंत काय? तो बारीक चौकोनांची प्रादेशिक प्रतिकृति दाखवील. ठीक, पण मूळ वाऱ्यांतच चूक असेल, तर बारीक चौकोन ती केवळ सुबक करतात.

विजेचें गणित करणाऱ्यास तर हें जपलेंच पाहिजे. डिंभे धरणांत घोड नदीचें पाणी येतें तें डोंगरांतल्या पावसाचें. तहान मात्र पूर्वेकडील शेतांची. सरासरीचा पाऊस धरला, तर कागदावर धरण अर्धवट राहील आणि अवसरीचीं शेतें भिजलेलीं दिसतील.